पाठवणी व परतणी

मंगलाष्टकें संपून अक्षता पडल्या आणि शेवटची पंगत उठली, कीं बहुतेक पाहुणे लग्न आटोपलें असें समजून आपापल्या वाटेस लागतात. वास्तविक पाहतां ज्या विधींमुळें दोन घरांचें रूप पालटतें ते विधि अद्याप व्हावयाचेच असतात. एका घरांतून एक माणूस उणें व्हावयाचें असतें व दुसऱ्या घरांत तेंच वाढावयाचें असतें. ह्या स्थित्यंतरास मराठींत ‘पाठवणी’ असा अगदीं साधा शब्द आहे. त्या शब्दाभोंवतीं जे आचार जमले आहेत त्यांचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. ते कशासाठीं जमले हें मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. आमच्या विद्यार्थी वाचकांपैकीं बहुतेकांनीं एखाद्या बहिणीस नाहीं तर आतेबहिणीस दारापर्यंत पोंचविलें असेलच. त्यांस त्या गडबडींत जें पाहावयास सवड झाली नसेल तें येथें थोडें सावकाश पाहण्याचा विचार आहे.

पाठवणीच्या वेळीं एक वाक्य हमखास कानीं पडतें. ‘लेक म्हणजे परक्याचें धन’, असें म्हणून एखादी वडील बाई मुलीच्या आईची समजूत घालते. वाक्य जुनें आहे, आणि त्यानें समजूत पडते असेंही म्हणतात. परंतु पाठवणीचे आचार एकामागून एक तपासून पाहिले असतां ते ह्या वाक्यास दुजोरा देत नाहींत, असें माझें मत झालें आहे. उलट मुलगी सुखरूप पोंचावी आणि पुन्हां परत यावी, ह्या दोन काळज्यांनींच ते घडविलेले दिसतात.

प्रथम जुन्या ग्रंथांकडे वळूं. आश्वलायन गृह्यसूत्रांत विवाहानंतरच्या प्रवासाचें स्वतंत्र प्रकरण आहे. वधूनें रथावर चढतांना कोणता मंत्र म्हणावा, वाटेंत नदी लागून नावेंत बसावें लागलें तर कोणता म्हणावा, चव्हाट्यावर व मोठ्या वृक्षांजवळून जातांना कोणता म्हणावा, हें त्यांत क्रमानें दिलें आहे. विवाहाचा अग्नि सर्वांच्या पुढें न्यावयाचा असतो. ह्या सर्व व्यवस्थेंत एक लहानसें सूत्र मला फार मोलाचें वाटतें. ती रडूं लागली तर अमुक ऋचा म्हणावी, असें सूत्रकार सांगतो. नदी, झाड, चव्हाटा ह्यांच्याच रांगेंत त्यानें मुलीच्या अश्रूंची गणना केली. प्रवासांत ज्या गोष्टी संभवतात त्यांपैकींच ही एक. शिवाय तो ‘रडूं लागली तर’ असें म्हणतो, रडलेंच पाहिजे असें म्हणत नाहीं. जी मुलगी पाठवणीच्या वेळीं रडत नाहीं तिला नांवें ठेवणाऱ्या बायका आपल्या गांवांत कमी नाहींत. त्यांनीं हें सूत्र अवश्य ऐकावें.

संस्कृत वाङ्मयांतील सर्वांत प्रसिद्ध पाठवणी म्हणजे ‘अभिज्ञानशाकुंतला’चा चौथा अंक. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यापासून तो मराठी प्रेक्षकांच्याही परिचयाचा झाला आहे. कण्व हा वनांत राहणारा ऋषि. शकुंतला त्याची पोटची मुलगी नव्हे, वाढविलेली. तरी ती निघाली तेव्हां त्याचा कंठ दाटून येतो, आणि आपली ही दशा, तर संसारी बापांची काय होत असेल, असें तो मनाशीं म्हणतो. हरिणाचें पाडस तिचें वस्त्र ओढतें. जाणाऱ्या माणसास पाण्याच्या कांठापर्यंत पोंचवावें ह्या रीतीप्रमाणें सर्वजण सरोवराशीं थांबतात. तेथें शकुंतला विचारते कीं, मी हें तपोवन पुन्हां केव्हां पाहीन? कण्वाचें उत्तर असें कीं, पुष्कळ काळ राणीपद भोगून, मुलास सिंहासनावर बसवून, मग पतीसह येथें ये. म्हणजे म्हातारपणीं! आणि ती दृष्टीआड होतांच, कन्या हें परक्याचेंच धन, तें ज्याचें त्यास पोंचतें केल्यानें आज माझें मन हलकें झालें, अशा अर्थाचे उद्गार तो काढतो. आपल्या बायकांच्या तोंडीं असलेल्या वाक्याची जोडी येथें सांपडते.

पण कालिदासानें ह्या वाक्यापुढें पांचवा अंक ठेविला आहे, हें विसरून चालणार नाहीं. शकुंतलेबरोबर गौतमी ही वृद्ध तापसी आणि कण्वाचे दोन शिष्य गेलेले असतात. राजा तिला ओळखीत नाहीं. तेव्हां तीं सोबतचीं माणसें तिला तेथेंच सोडून परत फिरतात. ती रडत मागें येऊं लागते, गौतमीला कळवळा येतो, पण शार्ङ्गरव तिला दटावतो. पतीच्या घरीं दासी होऊन राहणेंही तुला योग्य, असें तो म्हणतो. परक्याचें धन म्हणून जिला धाडलें, तिला त्या परक्यानें नाकारल्यावर माघारीं येण्यास घरच राहिलें नाहीं. चौथ्या अंकांतील पाठवणीनें आपले डोळे भरून येतात खरे, पण परतीची वाट न ठेवतां केलेली पाठवणी कशी असते तें पांचवा अंक दाखवितो.

आतां महाराष्ट्रांतील आचार पाहूं. पाठवणीपूर्वीं वधूपक्षाकडून ‘झाल’ नांवाचा विधि होतो. पोथींत त्याला ऐरिणीदान म्हणतात. वेळूच्या टोपलींत कणकेचे सोळा दिवे लावून ती टोपली वराची आई, वडील व इतर जवळचे नातलग ह्यांच्या मस्तकीं क्रमानें टेकवितात. त्या वेळीं जो संस्कृत श्लोक म्हणतात त्याचा आशय असा कीं, आठ वर्षांची ही मुलगी मीं पुत्राप्रमाणें पाळली. आतां ती तुमच्या पुत्रास दिली आहे, तिला स्नेहानें सांभाळा. टोपली एकट्या वराच्या मातेच्या डोक्यावर ठेवून भागत नाहीं, सगळ्या घराच्या डोक्यावर ठेवावी लागते. कारण मुलगी नुसती नवऱ्याच्या हातीं जात नाहीं, घराच्या हातीं जाते. दिवे पेटलेले आणि डोक्यावर असल्यामुळें तेवढा क्षणभर तरी प्रत्येकास स्थिर उभें राहावें लागतें! ज्यानें हा विधि योजिला त्याला सासरच्या माणसांचा स्वभाव चांगला ठाऊक असावा.

श्लोकांतील ‘आठ वर्षांची’ हा शब्द वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. पंचवीस वर्षांच्या पदवीधर वधूविषयींही हाच श्लोक म्हटला जातो, तो ऐकून कोणी हसत नाहीं, कारण तो कोणाला कळत नाहीं. पण एके काळीं ती संख्या शब्दशः खरी होती. आनंदीबाई जोशी ह्यांचें लग्न १८७४ सालीं झालें तेव्हां त्या नऊ वर्षांच्या होत्या. रमाबाई रानडे १८७३ सालीं अकराव्या वर्षीं सासरीं आल्या. एवढ्याशा मुलीस परक्या घरीं धाडावयाचें, म्हणून तिला सांभाळण्याची याचना सोळा दिव्यांच्या साक्षीनें करावी लागे. पुष्कळ घरांत तर पाठवणी दोनदां होत असे. लग्नानंतर मुलगी कांहीं दिवस सासरीं राहून माहेरीं परत येई. आणि वयांत आल्यावर दुसरा सोहळा होऊन ती कायमची नांदावयास जाई. ह्या दोन पाठवण्यांच्या मधल्या काळांत मुलीस आपलें मन असूं शकतें, ही गोष्ट समाजानें लक्षांत घेतली नव्हती. ती रखमाबाईंनीं त्याच्या लक्षांत आणून दिली. अकराव्या वर्षीं लग्न होऊन माहेरींच राहिलेल्या ह्या मुलीनें मोठी झाल्यावर नवऱ्याकडे जाण्याचें नाकारलें. १८८४ सालीं तिच्यावर मुंबईच्या हायकोर्टांत दावा झाला. पहिला निकाल तिच्या बाजूनें झाला. परंतु १८८७ सालीं कोर्टानें, नवऱ्याकडे जा नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम केला. तिनें तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ सालीं दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलें. पुढें ती इंग्लंडांत वैद्यक शिकून डॉक्टर झाली व तिनें सुरत व राजकोट येथें स्त्रियांची सेवा केली. पाठवणी ही जिची व्हावयाची तिच्या संमतीशिवाय होऊं नये, हा प्रश्न आपल्याकडे उघड कोर्टांत प्रथम ह्या खटल्यानें उभा केला असें म्हणण्यास हरकत नाहीं. १९२९ चा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलांत आला, तेव्हां मुलीचें वय चौदा ठरलें. १९४९ सालीं पंधरा, व १९७८ सालीं अठरा झालें. कायद्यानें वधू मोठी झाली, श्लोकांत ती आठच वर्षांची राहिली.

निघतेवेळचे आचार सर्वांच्या पाहण्यांतले आहेत. मुलगी देवाला व वडील मंडळींस नमस्कार करते. आई तिच्या हातावर दहीसाखर ठेवते, खण, नारळ व तांदूळ ह्यांनीं तिची ओटी भरते. उत्तर हिंदुस्थानांत निघालेली मुलगी मागें न पाहतां मुठी भरून धान्य मागच्या बाजूस फेंकते, आणि तिची आई तें पदरांत झेलते. बापाच्या घरचें ऋण तिनें फेडलें असा त्याचा अर्थ सांगतात. मला तो अर्थ तितकासा रुचत नाहीं. मराठी आई उलट मुलीचीच ओटी भरून तिला धाडते, हें अधिक शोभतें. गाडी निघतांना नारळ फोडतात. मेणा, घोडा, छकडा, दमणी, पुढें मोटार, अशीं वाहनें काळाप्रमाणें बदलत गेलीं. वरातीचा थाट, डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणारे मजूर, दारूकाम, ह्यांविषयीं विस्तार करण्याचें कारण नाहीं. वरातीपायीं काढलेलें कर्ज मात्र वरात विसरली गेल्यावरही घरांत राहतें.

ह्या गाडींत वधूवरांशेजारीं एक प्रौढ बाई बसलेली असे, तिच्याकडे मात्र पाहिलें पाहिजे. ती पाठराखीण. मुलीची आजी, मावशी, आत्या किंवा घरांतील जुनी माणूस असे. चार दिवस सासरीं राहून मुलीला न्हाणीघर कोठें, पाणी कोठें, सासूबाईंना चहा केव्हां लागतो, सासरे कोणत्या शब्दानें चिडतात, हें सारें हळूच समजावून देणें हें तिचें काम. दुसरें काम बोलून दाखविण्याचें नव्हे: परत आल्यावर मुलीच्या आईस खरी हकिकत सांगणें. हें पद इतकें शहाणपणाचें आहे कीं तें दूरदूरच्या लोकांतही आढळतें. गौतमीचा उल्लेख वर आलाच आहे. पवित्र शास्त्रांत उत्पत्तीच्या पुस्तकांत रिबका इसहाकाकडे निघते तेव्हां घरचीं माणसें तिला आणखी दहा दिवस ठेवून घेऊं पाहतात. शेवटीं तिलाच बोलावून ‘जातेस काय?’ असें विचारतात, आणि ती होकार देते तेव्हां तिच्याबरोबर तिची दाई दबोरा हिला धाडतात. दबोरा परत गेली नाहीं. ती वारली तेव्हां तिला बेथेलच्या खालच्या बाजूस एका वृक्षाखालीं पुरलें, व त्या वृक्षास रुदनाचा वृक्ष असें नांव पडलें. एका पाठराखिणीचें एवढें स्मारक दुसरें कोठें असल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. आज मधुचंद्रास निघालेल्या जोडप्याबरोबर पाठराखीण धाडणें कोणी सुचविणार नाहीं. पण नव्या घरीं मुलीचें कसें चाललें आहे हें तिच्या तोंडून नव्हे, तर आपल्या डोळ्यांनीं पाहणारें एखादें माणूस असावें, ही गरज अद्याप संपलेली नाहीं. हुंडाबळीच्या बातम्या वाचणाऱ्यास हें सांगावयास नको.

आतां सासरचा उंबरठा. वधूवरांवरून भाकरीचा तुकडा व पाणी ओवाळून टाकतात. उंबरठ्यावर तांदळानें भरलेलें माप ठेवलेलें असतें. उजव्या पावलानें तें हलकेंच आंत लवंडून वधू घरांत पाऊल टाकते. तिच्या पावलाबरोबर घरांत धान्य सांडावें, ही कल्पना शेतकरी समाजाला सुचावी हें स्वाभाविकच आहे. उखाणा घेण्याची थट्टामस्करी होते. पण त्याआधीं एक लहानसें नाटक घडतें, तें फार अर्थपूर्ण आहे. वराची बहीण दार अडवून उभी राहते. ‘तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का?’ असें ती भावाला विचारते, आणि भावानें हो म्हटल्याशिवाय, नाहीं तर हातावर कांहीं ठेवल्याशिवाय ती वाट देत नाहीं. महाराष्ट्रांत पुष्कळ जातींत मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल होती व आहे. इरावतीबाई कर्वे ह्यांनीं १९५३ सालच्या आपल्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथांत तिचें विवेचन केलें आहे. ती चाल चांगली कीं वाईट हा वेगळा विचार. जवळच्या रक्तांत विवाह न करणें हेंच मला इष्ट वाटतें. परंतु दार अडविणारी ही कोण आहे, तें पाहावें. ती स्वतः पाठवणी झालेली मुलगी आहे. भावजय घरांत आली कीं ह्या घरांतील आपली जागा आणखी आकसणार, हें तिला कळतें. म्हणून त्याच उंबरठ्यावर उभी राहून ती पुढच्या पिढीपुरता तरी आपल्या माहेराशीं धागा बांधून घेते. एक मुलगी आंत येत असतां दुसरी गेलेली मुलगी आपला हक्क सांगते, हा योगायोग नव्हे.

त्यानंतर लक्ष्मीपूजन व नांव बदलणें. ताटांत तांदूळ पसरून त्यांत सोन्याच्या अंगठीनें वर नवें नांव लिहितो, व साखर वांटतात. आनंदीबाई जोशी व रमाबाई रानडे ह्या दोघीही माहेरच्या यमुना. ‘स्मृतिचित्रें’ लिहून मराठी वाचकांवर चिरंतन उपकार करणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक ह्या १८८० सालीं टिळकांच्या घरीं येईपर्यंत मनकर्णिका गोखले होत्या. पाठवणीच्या सर्व आचारांत हाच एक मला खटकतो, कारण येथें मागचा दोर खरोखरच कापला जातो. दहा वर्षांच्या मुलीस नवें नांव अंगवळणी पडत असेल. पण जिच्या नांवानें शाळेचे दाखले, पदवी व नोकरी आहे तिला तें तांदळांत लिहून कसें पुसतां येईल? कायद्याचा तसा आग्रह मुळींच नाहीं. नांव बदलणें न बदलणें हें तिच्या इच्छेवर आहे, आणि निदान अंगठी हातीं घेण्यापूर्वीं तिला एकदां विचारावें, जसें रिबकेला विचारलें.

येथवरच्या आचारांची गोष्ट घरीं पोंचण्याची झाली. पण मराठी पाठवणीचा अर्धा भाग परतीचा आहे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मांडवपरतणी होते. वधूवरांस वधूच्या घरीं बोलावून जेवूं घालतात. पहिल्या आषाढांत नवी सून सासरीं ठेवीत नाहींत, तिला माहेरीं धाडतात. श्रावण लागला कीं नागपंचमीला भाऊ बहिणीस आणावयास जातो. ज्या घरांत मंगळागौर आहे तेथें लग्नानंतरचीं पांच वर्षें ती पुजावयाची असते. दिवाळसणास जांवईही येतो आणि त्याचा आदरसत्कार होतो. पहिलें बाळंतपण माहेरीं. कण्वानें जें म्हातारपणावर ढकललें तें आपल्या चालीरीतींनीं पहिल्याच वर्षांत चार-पांच वेळां घडवून आणलें आहे. मुलीस आणण्यास जाणाऱ्या माणसास ‘मुराळी’ असा खास शब्द आहे, आणि तिला पुन्हां सासरीं धाडतांना जें लुगडेंचोळी देऊन निरोप देतात त्यास ‘बोळवण’. ज्या भाषेनें परतीसाठीं इतके शब्द राखून ठेविले त्या भाषेंतील लेक परक्याची कशी? जात्यावरच्या ओव्यांत सासुरवाशीण मुराळ्याची वाट पाहते, ती कांहीं भीक म्हणून नव्हे. येणें हा तिचा रिवाज आहे, आणि तो भावानें चुकविला तर ती त्याला ओवींतून सुनावतेही.

कायद्यानें ह्या रिवाजाच्या मागें आतां बळ उभें केलें आहे. महाराष्ट्रांत १९९४ च्या दुरुस्तीनें, व सर्व देशांत ९ सप्टेंबर २००५ पासून, हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाप्रमाणेंच जन्मतः हक्क मिळाला. लग्न झालें म्हणून तो जात नाहीं. तरीही भावाशीं वांकडें नको म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी घरोघर आहेत. माहेरचें दार उघडें राहावें यासाठीं त्या माहेरचा वांटा सोडतात! पुढें हेच भाऊ नागपंचमीला मुराळी पाठवितात कीं नाहीं, हें प्रत्येकानें आपल्या घरांत पाहावें.

मुराळ्याचें मूळचें काम आतां फारसें उरलें नाहीं. १ जून १९४८ रोजीं एस्. टी. ची पहिली गाडी पुणें व अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) ह्यांच्या दरम्यान धांवली. तेव्हांपासून सासुरवाशिणी मुलास कडेवर घेऊन एकट्या माहेरीं येऊं लागल्या, आणि हल्लीं तर त्या निघाल्याची वर्दी दूरध्वनीवरून गाडीच्या आधीं घरीं पोंचते. गाडींतून उतरल्यावर चावडीवर बसलेला एखादा म्हातारा डोळ्यांवर हात धरून ‘कोण ग तूं?’ असें विचारतो. तेव्हां ती नवऱ्याचें नांव सांगत नाहीं, सासरचें आडनांवही सांगत नाहीं. ती वडिलांचें नांव घेऊन त्यांची लेक म्हणून सांगते, आणि म्हातारा तिला लगेच तिच्या लहानपणच्या नांवानें हांक मारतो.